श्रद्धा, घर आणि शाळा, तिन्हींबद्दल लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

नवापूरची_बाई

नमस्कार मंडळी. इथे शिक्षक बरेच आहेत, खानदेशातले तर आहेतच, म्हणून विचारते.

मी नवापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. आम्ही आदिवासी ख्रिस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं तेव्हाच्या पश्चिम खानदेशात आली, त्यानंतर आमच्या भागात जी घरं ख्रिस्ती झाली त्यांत माझ्या आजोबांचं घर होतं. घरात मावची, चर्चमध्ये मराठी, शाळेत मराठी, बाजारात निम्मी गुजराती. आमचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत, ते तुम्ही फोटोत पाहिलं असेल. लोक तो फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने निघून जातात. स्टेशनच्या बाहेर जे आहे त्याबद्दल आमच्याकडच्या माणसाने लिहिलेलं मला फारसं वाचायला मिळालं नाही, आणि ते मला लिहायचं आहे.

काय काय लिहायचं ते डोक्यात आहे. आमच्याकडचा नाताळ, तूर कापायच्या आधीच्या थंडीत रात्री गाणी म्हणत पाड्यापाड्यावर फिरणं. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात आई बाळंतपणाला गेली होती त्याची हकिकत, ती अजून सांगते. २००६ चा फेब्रुवारी. देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला तेव्हा माझे वडील एका पोल्ट्रीवर मजूर होते. सरकारी माणसं पांढरे अंगरखे घालून आली, कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. मालकांना नुकसानभरपाईच्या याद्या होत्या, मजुरांची यादी कुठेच नव्हती. त्या रविवारी उपासनेत पाळक साहेब म्हणाले, ज्यांच्या हाताचं काम गेलं त्यांनी उभं राहा. निम्मी मंडळी उभी राहिली. दुपारी बायकांनी घराघरातून तांदूळ आणि डाळ गोळा केली, आणि ज्यांच्या घरचा कर्ता उभा राहिला होता त्या बायकासुद्धा आपली वाटी घेऊन आल्या. श्रद्धा म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मला प्रवचन आठवत नाही, त्या वाट्या आठवतात.

आणि शाळा. शाळेबद्दल तर रोजच लिहिण्यासारखं घडतं. संध्याकाळी घरी आम्ही प्रार्थनेला बसतो, माझा धाकटा मुलगा माझ्या वर्गातल्या मुलांची नावं घेतो, कोण आजारी आहे, कोण आलं नाही ते विचारून घेतो.

आता अडचणी. पहिली अशी की तोंडाने सांगते तेव्हा लोक ऐकतात, कागदावर उतरवलं की सगळं उपदेशासारखं वाचायला लागतं. लहानपणापासून ऐकलेली भाषा ती, प्रवचनाची, तीच हातात येते. दुसरी अडचण, मी सरकारी पगारावर आहे. श्रद्धेबद्दल उघड लिहिलं तर बाई धर्मप्रचार करतात असं कुणी म्हणेल का? आणि तिसरी घरातली. मिस्टरांच्या आत्या आमच्याकडेच राहतात, आम्ही फुई म्हणतो. त्या ख्रिस्ती नाहीत. देवमोगरा मातेला जातात, घरात त्यांचा कोपरा आहे, आमची प्रार्थना चालू असताना त्या शेजारी बसून तांदूळ निवडतात. त्यांच्याशिवाय आमचं घर लिहिताच येणार नाही, आणि त्यांना दुखवून मला एक अक्षर लिहायचं नाही.

ज्यांनी असं काही लिहिलं आहे, किंवा वाचायला आवडेल असं वाटतं, त्यांनी जरूर सांगा.

अमळनेरचे_गुरुजी

बाई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, घर वारकरी, ख्रिस्ती धर्माचं माझं ज्ञान नाताळाच्या फराळाच्या ताटापलीकडे फारसं नाही. म्हणजे तुमचा बाहेरचा वाचक कसा असेल याचा मी बरा नमुना आहे, त्या नात्याने बोलतो.

तुम्ही शाळेबद्दल लिहिताना, जाता जाता एक गोष्ट सांगितलीत. तुमचा मुलगा संध्याकाळी वर्गातल्या मुलांची नावं घेतो. मी तिथे थांबलो. तुम्ही मथळ्यात तीन विषय मांडले आहेत आणि तीन वेगळ्या वह्या कराव्यात तसा विचार चाललेला दिसतो, पण तुमच्या घरात तर ते तिन्ही एकाच वेळी, एकाच चटईवर बसलेले आहेत. तिथूनच सुरू करा. श्रद्धेवर लेख, कुटुंबावर लेख, शिक्षणावर लेख असं केलंत तर प्रत्येकात उपदेश शिरेल, कारण विषयावर लिहायला बसलं की माणूस शिकवायला लागतो. आपण शिक्षक, आपल्याला तर ती सवयच. एका संध्याकाळी काय झालं एवढंच लिहायचं ठरवलं तर उपदेशाला जागा राहत नाही.

अमळनेरचा माणूस आहे, सानेगुरुजींचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९२४ ते १९३० ते इथे प्रताप हायस्कूलला शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. त्या काळात ते मुलांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, वाचणारी मुलं त्याच आवारात झोपणारी. ज्याच्यासाठी लिहितोय तो पोरगा सकाळी समोर उभा राहणार, हे माहीत असताना माणूस खोटं किंवा फुगवून लिहू शकत नाही. तुम्हीही लिहिताना चार-पाच खरी माणसं समोर धरा. त्यांत एक माझ्यासारखा असू द्या, ज्याला तुमची प्रार्थना कशी चालते हे ठाऊक नाही. त्याला समजावून सांगू नका, नुसतं आत येऊन बसू द्या. आधी कोण बोलतं, पुस्तक कोण उघडतं, गाणं कुणी धरतं, दिवा विजेचा की कंदील, मला हे हवंय.

नोकरीबद्दल. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. राजकीय लिखाण, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका, कार्यालयातली माहिती बाहेर देणं, यापासून लांब राहायचं. लिखाणातून पैसे मिळायला लागले तर आधी परवानगीचं बघायचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, ते तुम्ही देतही नसणार. आपली श्रद्धा बाळगणं आणि तिच्याबद्दल बोलणं हा हक्क अनुच्छेद २५ मध्ये आहे, आणि तो शिक्षकालाही आहे. लिखाण शाळेच्या वेळेत करू नका, शाळेचं नाव घालू नका, शाळेच्या ग्रुपवर टाकू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक साधं पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. माझ्या काळात मी अशा पोचा सांभाळून ठेवायला सगळ्यांना सांगायचो, एकदा तरी उपयोगी पडतात.

सातपुडा_पायथा

मी धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. गुरुजींचं सगळं पटलं, तरी मला काळजी वाटते ती बोलतो.

नियम काहीही असोत, गावात काय बोललं जाईल ते वेगळं असतं. तुमच्या वर्गातली बरीच मुलं ख्रिस्ती नसतील. बाई घरी आमच्या पोरांची नावं घेऊन प्रार्थना करतात असं पालकांनी वाचलं तर? कुणी त्याचा वेगळा अर्थ लावला तर? आमच्याकडे मध्यंतरी दाखल्यांवरून बरीच बोलाचाली झाली, धर्म बदलला तर जमातीचा दाखला राहतो का वगैरे. अशा हवेत आपण होऊन विषय कशाला काढायचा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आपल्या प्रभूनेच सांगितलंय, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. मीही विश्वासणारा आहे ताई, म्हणून म्हणतो. लिहा, पण वहीत लिहा.

दोंडाईचा_माहेर

सलाम ताई. मी पाळकाची मुलगी, आता धुळ्यात असते, नर्स आहे.

मला फक्त घरातल्या माणसांबद्दल बोलायचं आहे, कारण ते मी भोगलं आहे. मी सातवीत असताना आजारी होते, बरेच दिवस. बरी झाल्यावर माझ्या आजाराची साक्ष एका मोठ्या सभेत सांगितली गेली, मग दुसऱ्या गावी, मग तिसऱ्या. देवाची स्तुती व्हावी हाच हेतू होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण शाळेतल्या मुलींना माझ्या आजाराचं नाव माहीत झालं होतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. आज मी आई आहे आणि माझ्या मुलांबद्दल मंडळीत बोलायची वेळ आली तर आधी त्यांना विचारते. चार वर्षांच्या मुलालासुद्धा विचारता येतं. तो नाही म्हणाला तर नाही.

तेव्हा ताई, तुमचा धाकटा गोड आहे, पण उद्या तो चौदा वर्षांचा होईल आणि हे सगळं वाचेल. त्याची चूक, त्याचं रडणं, त्याचं आजारपण, हे तुमच्या लेखाचं उदाहरण होऊ देऊ नका. तो काय म्हणाला ते त्याला वाचून दाखवून मगच लिहा.

वर्गातल्या मुलांचं तर त्याहून जपून. नाव नको, फोटो नको, पाड्याचं नाव नको, बापाचा धंदा आणि भावंडांची संख्यासुद्धा नको, कारण आपल्या भागात तेवढ्यावरून घर सापडतं. देवासमोर नाव घ्यायला हरकत नाही, लोकांसमोर नको. ज्या मुलावर घरी काही वाईट प्रसंग आला असेल त्याबद्दल अजिबात लिहू नका, कितीही बदलून लिहिलं तरी नको.

आणि फुईंना विचारा. गुरुजी म्हणतात एका संध्याकाळी काय झालं ते लिहा, पण त्या संध्याकाळी त्याही तिथे बसलेल्या आहेत. त्यांना वाचता येत नसेल तर मावचीत सांगा, तुमच्याबद्दल असं असं लिहितेय. त्या काय म्हणतात ते ऐका.

सातपुडा दादांना एकच सांगते. तोच मत्तय, आधीचा अध्याय. दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, असंही तिथेच आहे.

अमळनेरचे_गुरुजी

धुळ्याच्या ताईंनी माझ्या सल्ल्यातली उणीव भरून काढली, त्यांचे आभार.

सातपुडा सर, दाखल्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या, कारण त्यावरून शिक्षकसुद्धा गोंधळलेले मी पाहिलेत. धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात. आधी फक्त हिंदू, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. मावची किंवा भिल्ल माणूस ख्रिस्ती असला म्हणून त्याची जमात जात नाही. मागण्या होत असतात, मोर्चे निघत असतात, तो भाग निराळा. हवेबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र मी खोडून काढणार नाही. ते बाईंनी स्वतः ठरवायचं आहे, गाव त्यांना माहीत आहे.

भुसावळ_लोको_कॉलनी

ताई, तुम्हीन लिखा, आम्हीन वाचसूत. भुसावळला रेल्वेमुळे सगळ्या गावांची, सगळ्या चर्चची माणसं आहेत, पण नवापूरकडच्या पाड्यांवर नाताळ कसा होतो ते आम्हाला काहीच माहीत नाही. रात्री गाणी म्हणत फिरता ते कोणत्या भाषेत? ढोल असतो का? एवढं तरी आधी सांगा.

नवापूरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, शाळेत चाचण्या होत्या.

आधी भुसावळचे दादा. ढोल असतो. गाणी मराठीत सुरू होतात, दोन-तीन घरं झाली की मावचीत जातात, कारण म्हाताऱ्या बायका तेव्हाच अंगणात उतरतात. प्रत्येक घरी काहीतरी घालतातच हातावर, बहुतेक गुळाचा चहा. जी घरं ख्रिस्ती नाहीत तीसुद्धा बोलावतात, आणि आमच्याकडे होळीला त्यांच्याबरोबर आम्ही बसतोच.

सातपुडा दादा, तुम्ही जे विचारलंत त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. पालकांनी वाचलं तर काय, याचं उत्तर माझ्याकडे एका मुलीच्या आईचं आहे. धुळ्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिला निरोप पाठवून विचारलं, लिहू का. तिने होकार दिला, नाव नको म्हणाली. तर हा पहिला तुकडा असा लिहिला आहे, गुरुजींनी सांगितलं तसा. वाचून सांगा.

"दिवाळीनंतर आमच्या शाळेत मुलं कमी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते गुजरातेत ऊस तोडायला जातात, बारडोलीच्या बाजूला, आणि ज्यांची मुलं सांभाळायला घरी कुणी नाही ते मुलांना घेऊन जातात. जाताना आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसावं. पण तिथली शाळा गुजराती, आणि पडाव शेतात.

दुसरीतल्या एका मुलीची आई पत्रक न्यायला आली. ते घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि दारात उभी राहिली. म्हणाली, बाई, तुम्ही संध्याकाळी देवाला सांगता ना पोरांचं, मग हिचं एवढं सांगा, लिहायचं विसरायला नको. तिला हे कुठून कळलं मी विचारलं नाही. आमच्या पाड्यावर भिंती कुडाच्या आहेत, आवाज जातो. तिचे देव वेगळे आहेत आणि तिने ते बदलावेत असं मी तिला कधी म्हटलेलं नाही, त्या दिवशीही म्हटलं नाही. सांगेन, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळपासून माझा मुलगा तिचं नाव घेऊ लागला. एकदा त्याने मधेच डोळे उघडून विचारलं, आई, ती आता जेवली असेल का? मिस्टर म्हणाले, आधी प्रार्थना पूर्ण कर. फुई तांदूळ निवडत म्हणाल्या, कोयतेवाले रात्री उशिरा जेवतात, गाडी भरल्याशिवाय नाही. त्या स्वतः तरुणपणी जाऊन आल्यात. मग माझ्या मुलाने प्रार्थनेत गाडी लवकर भरू दे असं घातलं.

ती उन्हाळ्यात परत आली. उन्हाने काळवंडली होती, दोन बोटं कापलेली, भरून आलेली. मी फळ्याजवळ बोलावून म्हटलं, तुला येतं ते काहीही लिही. तिने 'कमल' लिहिलं. अक्षरं तिन्ही बरोबर, पण डोक्यावर रेघ नाही. पुन्हा लिहायला सांगितलं, पुन्हा तसंच, रेघेशिवाय. मग लक्षात आलं, एवढे महिने तिने जी अक्षरं पाहिली ती ट्रकांवरची आणि कारखान्याच्या पाट्यांवरची, गुजराती. गुजरातीत वरची रेघ नसते. कुणी शिकवलं नव्हतं, पडावात बसून ती वाचत राहिली होती. मी खडू घेतला आणि रेघ मारली नाही, तिच्या हातात खडू दिला आणि माझ्या हाताने तिचा हात धरून रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे. ती म्हणाली, बाई, तिकडं हे नाय काढत. मी म्हटलं, तिकडं नाही काढत, इकडं काढतात, तुला दोन्ही येतं.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं, ती आली, आणि लिहायचं विसरली नाही. तो म्हणाला, मग आता दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ?"

एवढंच आहे. पुढे प्रार्थना कशी ऐकली जाते वगैरे लिहिलं होतं, ते काढून टाकलं. मुलाला वाचून दाखवलं, त्याला चालेल. फुईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, माझं लिही, पण मी नुसती तांदूळ निवडते असं लिहू नको, मीही माझ्या मातेला त्या पोरीचं सांगितलं होतं ते लिही. हे मला माहीतच नव्हतं. आता ते घालायचं की नाही, मंडळीतले काही जण काय म्हणतील, यावर रात्री मिस्टरांशी बराच वेळ बोलले. घालणार आहे. त्या बसल्या होत्या, त्यांनी सांगितलं होतं, हे घडलेलं आहे.

याकोबाच्या पत्रात म्हटलंय की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होईल. पहिल्यांदा नोकरीवर रुजू झाले तेव्हापासून ते वचन माझ्या मनात आहे. लिहिणाऱ्यांनाही ते लागू आहे असं आता वाटतं, म्हणून तुमच्याकडून तपासून घेतेय.

सातपुडा_पायथा

ताई, वाचलं. आमच्याकडूनही कोयते जातात, आमच्या वसतिगृहातली मुलंही दिवाळीनंतर पळवून नेल्यासारखी जातात. त्या आईने स्वतः येऊन सांगितलं हे वाचल्यावर माझं म्हणणं मागे घेतो. फक्त बारडोली काढा आणि 'गुजरातेत' एवढंच ठेवा. मुकादम लोक वाचत नाहीत असं समजू नका. आणि कापलेली बोटंही काढा, त्यावरून ती ओळखू येईल.

दोंडाईचा_माहेर

बोटांबद्दल मीही तेच म्हणणार होते. बाकी फुईंचं वाक्य नक्की घाला, आणि त्यांच्याच शब्दांत घाला. मंडळीतलं कुणी विचारलं तर पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायातलं सांगा, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर सौम्यपणे आणि आदराने उत्तर द्या असं आहे तिथे. आदर फुईंनाही लागू होतो.

एक विचारायचं राहिलं. किती दिवसांनी लिहिणार? माझं ऐका, दर आठवड्याचं वचन कुणाला देऊ नका. आमच्याकडे वडील दर रविवारचं प्रवचन शनिवारी रात्री लिहायचे आणि शनिवारी घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. लिखाणासाठी घर गप्प बसवावं लागलं तर घराबद्दल काय लिहिणार.

नवापूरची_बाई

महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी. जानेवारीत तूर घरात येते तेव्हा नाही, आणि वार्षिक परीक्षेच्या महिन्यात नाही, असं ठरवलंय. बारडोली आणि बोटं काढते. पोल्ट्रीचं पुढच्या वेळी लिहिते, पण त्यासाठी वडिलांना आणि त्यांच्याबरोबर तेव्हा कामाला असलेल्यांना आधी भेटून येते, मजुरांपैकी कुणाला काही भरपाई मिळाली होती का ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. गुरुजी, पोच घेऊन ठेवली. साहेबांनी पत्र वाचून विचारलं, लिहिलेलं आम्हालाही दाखवाल का. हो म्हणाले.